बडी हॉलीचा टेपरेकॉर्डर

बडी हॉली गेला तेव्हा २२ वर्षांचा होता. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात या वयाची चार-पाच मुलं तरी सापडतील, आणि त्यातल्या कुणाच्याही नावावर अजून धड एक एकांकिका नाही. (मला धरूनच म्हणतेय.) हॉलीच्या नावावर तोवर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं होतं, टीव्हीवरचे कार्यक्रम होते, ऑस्ट्रेलियाचा दौरा होता. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावूनही रॉक अँड रोल गाता येतं हे लोकांनी त्याच्यामुळे पाहिलं. गोव्यात लग्नांमधून वाजवणाऱ्या जुन्या बँडवाल्यांपैकी कुणाला विचाराल तर त्याचं एखादं गाणं तरी नक्की येत असेल.

पण हा लेख त्या गाजलेल्या गाण्यांसाठी लिहायला घेतलेला नाही. मरणाआधीच्या दोन महिन्यांत हॉलीने न्यू यॉर्कच्या आपल्या राहत्या घरी, एक गिटार आणि एक टेपरेकॉर्डर एवढ्यावर काही गाणी टिपून ठेवली होती. ती त्याच्या दृष्टीने कच्ची होती. नंतर त्या कच्च्या गाण्यांचं लोकांनी काय काय केलं, ती गोष्ट मला त्याच्या मृत्यूच्या गोष्टीपेक्षा जास्त चटका लावून जाते. आपल्यापैकी बरेच जण रात्री सुचलेली चाल मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवतात. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुठला माइक घ्यावा, कुठला ऑडिओ इंटरफेस घ्यावा यावर तासन्‌तास वाद चालतात. त्या सगळ्यांनी या माणसाची ओळख करून घ्यायला हवी.

त्याचं पूर्ण नाव चार्ल्स हार्डिन हॉली. जन्म ७ सप्टेंबर १९३६, टेक्सस राज्यातल्या लबक या गावी. चार भावंडांत धाकटा. घरात त्याला सगळे बडी म्हणायचे. अमेरिकेत मंदीचे दिवस चालू होते आणि वडील मिळेल ते काम करत, कधी शिंपीकाम, कधी सुतारकाम, कधी कपड्यांच्या दुकानात विक्री. घर बाप्टिस्ट होतं, देवळात नियमाने जाणारं, आणि वडील सोडले तर बाकी सगळी मंडळी काही ना काही वाजवणारी, गाणारी. बडी पाच वर्षांचा असताना त्याचे दोघे मोठे भाऊ एका स्पर्धेत उतरले. धाकट्यालाही बरोबर जायचं होतं. आईच्या आग्रहावरून त्याच्या हातात व्हायोलिन दिलं गेलं, पण ते त्याला येत नव्हतं. तेव्हा लॅरी या मोठ्या भावाने गुपचूप गजाला ग्रीस फासून ठेवलं, म्हणजे त्यातून आवाजच निघू नये. भावांनी स्पर्धा जिंकली. आमच्या गावच्या चर्चच्या संगीतशाळेत ज्यांनी लहानपणी व्हायोलिन हातात धरलंय, त्यांना लॅरीचा हा उपाय चांगलाच कळेल.

पुढे पियानोची शिकवणी झाली, मग स्टील गिटार, आणि मग एकदा शाळेच्या बसमध्ये कुणा मुलाला साधी गिटार वाजवताना पाहून बडीने ती मागून घेतली. ट्रॅव्हिस या दुसऱ्या भावाने सुरुवातीचे स्वर शिकवले. इथपर्यंत ही हजारो मुलांची गोष्ट आहे. वेगळी गोष्ट घडते १९४९ साली. बडीचा एक मित्र वाद्यांच्या दुकानात कामाला होता. त्याने दुकानातला एक वायर रेकॉर्डर काही वेळासाठी घरी आणला, आणि बारा-तेरा वर्षांच्या बडीने त्यावर हँक स्नो या गायकाचं एक गाणं गाऊन ठेवलं. आवाज अजून फुटलेला नव्हता. ते रेकॉर्डिंग आज उपलब्ध आहे आणि हॉलीचा सर्वांत जुना आवाज म्हणून तेच ऐकवतात.

वायर रेकॉर्डर हे प्रकरण आपल्या पिढीने पाहिलेलंही नाही, म्हणून थोडं सांगते. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसेनने १८९८ साली दाखवून दिलं होतं की पोलादी तारेवर चुंबकाने आवाज साठवता येतो. माइकमधून आलेला आवाज विजेच्या लहरी बनतो, त्या लहरी एका छोट्या विद्युतचुंबकात जातात, आणि त्याच्यासमोरून सरकणारी तार जागोजागी कमी-अधिक चुंबकित होते. तीच तार पुन्हा त्याच वेगाने फिरवली की आवाज परत मिळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी यंत्रं अमेरिकेत घरगुती वापरासाठी विकली जाऊ लागली. तार केसासारखी बारीक, आणि ती सेकंदाला साधारण २४ इंच पळायची. म्हणजे तासाभराच्या आवाजाला ७,२०० फूट तार! ती तुटली तर सरळ गाठ मारायची आणि पुढे जायचं. पण एकदा रिळावरून सुटून गुंता झाला की संपलं. आवाजाची प्रत त्या काळच्या साध्या तबकडीच्या आसपासची. तरीही तबकडीच्या मानाने तिच्यात एक मोठी सोय होती. तबकडीवर एकदा कोरलेलं पुसता येत नसे. तारेवरचं पुसून पुन्हा गाता यायचं. चुकलं तर चुकलं, पैसे वाया गेले नाहीत. शिकणाऱ्या पोराला यापेक्षा मोठी देणगी कुठली असणार?

शाळेतल्या बॉब माँटगोमेरी या मित्राबरोबर त्याने बडी अँड बॉब अशी जोडी केली. लबकच्या केडीएव्ही या रेडिओ केंद्रावर ते रविवारी गायचे. १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली लबकला आला आणि सगळंच बदललं. तोवर कंट्री गाणारा हा मुलगा एल्व्हिसला ऐकून रॉक अँड रोलकडे वळला, त्याच वर्षी एल्व्हिसच्या कार्यक्रमाआधी गायला, आणि ऑक्टोबरमध्ये बिल हेलीच्या कार्यक्रमाआधी गायला तेव्हा एका माणसाची नजर त्याच्यावर पडली. १९५६ च्या सुरुवातीला डेका कंपनीशी करार झाला. करारात त्याच्या आडनावातला एक ई गळला, आणि हॉलीने तेच स्पेलिंग पुढे ठेवलं. नावातल्या चुकांवरून आपल्याकडे जन्मदाखल्यासाठी किती खेटे घालावे लागतात!

डेकाने त्याला नॅशव्हिलला नेलं. १९५६ मध्ये तिथे तीन वेळा रेकॉर्डिंग झालं आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही. स्टुडिओ उत्तम होता, निर्माता ओवेन ब्रॅडली मोठा माणूस होता, वादक कसलेले होते. पण वेळ मोजून दिलेला, आणि कोण काय वाजवणार, गाणं कुठल्या चालीने जाणार हे दुसऱ्यांच्या हातात. दोन तबकड्या निघाल्या, दोन्ही पडल्या. जानेवारी १९५७ मध्ये कंपनीने करार पुढे चालू न ठेवण्याचं कळवून टाकलं. वर एक अट घातली की इथे गायलेली गाणी पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुणासाठी गायची नाहीत. त्यात जॉन वेनच्या 'द सर्चर्स' या सिनेमातल्या एका पालुपदावरून सुचलेलं 'दॅट'ल बी द डे' हे गाणंही होतं.

लबकपासून सुमारे १०० मैलांवर, राज्याची हद्द ओलांडून, न्यू मेक्सिकोतलं क्लोव्हिस हे गाव आहे. तिथे नॉर्मन पेटी नावाच्या संगीतकाराने स्वतःच्या वापरासाठी स्टुडिओ बांधला होता. पेटीची एक पद्धत फार निराळी होती. तो तासावर पैसे लावत नसे, गाण्यामागे ठरावीक रक्कम घेत असे. यामुळे काय झालं ते बघा. नॅशव्हिलमध्ये घड्याळ पाहून गायचं होतं. इथे रात्रभर बसा, दहा वेळा गा, मनासारखं झाल्यावर थांबा. २५ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री हॉली, ढोलवादक जेरी ॲलिसन आणि इतर मित्रांनी 'दॅट'ल बी द डे' पुन्हा गायलं, ते कंपन्यांना ऐकवायचा नमुना म्हणून. न्यू यॉर्कला तो नमुना ऐकला गेला आणि तसाच्या तसा तबकडी म्हणून बाजारात आणायचं ठरलं. डेकाची पाच वर्षांची अट चुकवायची म्हणून तबकडीवर हॉलीचं नाव टाकलं नाही, द क्रिकेट्स हे बँडचं नाव टाकलं. गंमत म्हणजे जिने ती तबकडी काढली ती ब्रन्सविक कंपनी डेकाच्याच मालकीची! मे महिन्यात तबकडी निघाली आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. एक कच्चा नमुना पहिल्या क्रमांकावर गेला, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

क्लोव्हिसच्या त्या वर्षातल्या करामतींवर वेगळा लेख होईल. 'एव्हरीडे' या गाण्यात ॲलिसनने ढोल बाजूला ठेवून स्वतःच्या मांड्यांवर थापा मारल्यात, आणि पेटीच्या बायकोने चेलेस्टा वाजवलाय, म्हणून ते गाणं लहान मुलाच्या खेळण्यातल्या घुंगरांसारखं वाजतं. 'नॉट फेड अवे' मध्ये ढोलाच्या जागी पुठ्ठ्याचं खोकं आहे. 'पेगी स्यू' मध्ये ढोलाचा आवाज बाकी सगळ्यांना गिळायला लागला, तर ॲलिसनला ढोलासकट बाहेरच्या खोलीत बसवलं आणि पेटीने त्याच्या आवाजावरचा प्रतिध्वनी सतत चालू-बंद करत ठेवला. त्यामुळे ढोल जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. प्रतिध्वनीसाठी वेगळी रिकामी खोली होती, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. एकदा त्या खोलीत खराखुरा रातकिडा शिरला आणि 'आय'म गॉना लव्ह यू टू' या गाण्याच्या शेवटी त्याची किरकिर रेकॉर्ड झाली. क्रिकेट्स म्हणजे रातकिडेच. त्यांनी ती पुसली नाही.

'वर्ड्स ऑफ लव्ह' मात्र या लेखाच्या मध्यावर आहे. त्यात हॉली स्वतःशीच द्वंद्वगीत गातो. आज हे मोबाइलवरही होतं, पण १९५७ साली क्लोव्हिसमधल्या टेपवर एकच ट्रॅक होता. मग काय करायचं? पहिल्या यंत्रावर गाणं टिपायचं. ते वाजवत ठेवून त्याच्याबरोबर दुसरा आवाज गायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचे. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. शिवाय दर वेळी टेपची सरसर थोडी वाढते, आधीचा आवाज थोडा मळतो, जसं झेरॉक्सची झेरॉक्स काढताना होतं तसं. म्हणजे कुठला आवाज आधी आणि कुठला नंतर, किती थर पुरेत, हे सगळं आधीच डोक्यात पक्कं असायला हवं. यंत्राच्या मर्यादेतून गाण्याचा विचार करायला हॉली इथे शिकला असं मला वाटतं. चांगल्या सुताराला लाकडाची शिरा कळते, तसं त्याला टेपचं कळायला लागलं होतं.

प्रसिद्धीचं वर्ष मी भरभर उरकते, कारण ते सगळीकडे वाचायला मिळतं. १ डिसेंबर १९५७ ला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात क्रिकेट्स गायले. १९५८ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलिया, मार्चमध्ये इंग्लंड. त्या जुलैमध्ये लिव्हरपूलला पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थाच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत पाच पोरं गेली. खिशातले पैसे जमवून त्यांनी एक तबकडी कोरून घेतली. एका बाजूला त्यांचं स्वतःचं गाणं, दुसऱ्या बाजूला 'दॅट'ल बी द डे'. पाचांत एकच तबकडी, म्हणून ती आठवडा-आठवडा वाटून घेतली. शेवटी ती जॉन डफ लो या त्यांच्या पियानोवाल्याकडे राहिली आणि १९८१ मध्ये पॉल मकार्टनीने विकत घेतली. कारण त्या पाचांत मकार्टनी, जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन होते. बीटल्सचं पहिलं रेकॉर्डिंग हॉलीचं गाणं आहे आणि तेही कुणाच्या तरी घरात झालेलं आहे.

जून १९५८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका संगीत प्रकाशन कंपनीत हॉलीला मारिया एलेना सँटियागो भेटली. ती पोर्टो रिकोची, त्या कंपनीत स्वागतकक्षात काम करणारी. पहिल्याच भेटीच्या जेवणावर त्याने तिला मागणी घातली. १५ ऑगस्टला लबकमध्ये लग्न. (आपल्याकडे तेवढ्या वेळात चर्चमध्ये तीन रविवारच्या पुकारांची तारीखसुद्धा ठरत नाही.) ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या पिथियन टेंपलमध्ये त्याने प्रथमच तंतुवाद्यांच्या ताफ्याबरोबर चार गाणी गायली, ज्यांत 'ट्रू लव्ह वेज' आणि 'इट डझन्ट मॅटर एनीमोअर' ही होती. तेच त्याचं शेवटचं स्टुडिओ रेकॉर्डिंग ठरेल हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर पेटीशी फाटलं. पेटी व्यवस्थापक होता, अनेक गाण्यांवर सहलेखक म्हणून त्याचं नाव होतं, आणि गाण्यांचे पैसे त्याच्या हातून जात होते. वेगळं व्हायचं म्हटल्यावर ते पैसे अडकले. बँडमधले दोघे मित्र पेटीकडे राहिले. हॉली बायकोसह न्यू यॉर्कला ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहायला आला. पाचव्या ॲव्हेन्यूवरची ब्रेव्हूर्ट नावाची नवी इमारत, ४-एच क्रमांकाचं घर. बँड नाही, पेटीचा स्टुडिओ नाही, हातात पैसे फारसे नाहीत. गाणी मात्र सुचत होती.

त्या घरात त्याने ठेवलेलं यंत्र होतं ॲम्पेक्सचं, क्लोव्हिसच्या स्टुडिओत होती त्याच कंपनीचं. ही निवड समजून घ्यायला त्या वेळचा बाजार बघावा लागेल. १९५८ साली अमेरिकेत घरगुती टेपरेकॉर्डर भरपूर मिळत होते. वेबकोर, वोलेनसॅक अशी नावं होती, आटोपशीर पेट्या, मुलांचे वाढदिवस आणि आजोबांचे किस्से टिपायला उत्तम. ते बहुधा सेकंदाला पावणेचार किंवा साडेसात इंच या वेगाने चालत. टेप जितकी वेगाने पळते तितका तोच आवाज जास्त लांबीवर पसरतो, वरचे सूर स्वच्छ येतात आणि सरसर कमी ऐकू येते. स्टुडिओतली यंत्रं म्हणूनच १५ इंचांवरही चालायची. पण वेग दुप्पट केला की टेप निम्म्या वेळात संपते. १,२०० फुटांचं रीळ साडेसात इंचांवर ३२ मिनिटं पुरतं आणि पंधरावर १६ मिनिटंच. ॲम्पेक्स ही व्यावसायिकांची कंपनी होती. महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकन सैनिकाने जर्मनीहून दोन टेप यंत्रं घरी आणली, त्यांच्या धर्तीवर कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने आपलं यंत्र बनवलं, आणि बिंग क्रॉस्बी या गायकाने आपला रेडिओ कार्यक्रम त्यावर टिपण्यासाठी तिच्यात पैसे घातले. ते रेडिओ केंद्रात आणि स्टुडिओत शोभणारं यंत्र होतं. ते दिवाणखान्यात ठेवणं म्हणजे पोळ्या लाटायला बेकरीची भट्टी आणण्यासारखं कुणाला वाटलं असतं.

मला त्यात हॉलीचं शहाणपण दिसतं. सुचलेलं विसरू नये एवढंच हवं असतं तर साधा घरगुती रेकॉर्डर पुरला असता, चाल आठवली म्हणजे झालं. पण क्लोव्हिसमध्ये त्याने पाहिलं होतं की नमुनाच कधीकधी खरं गाणं होऊन बसतो. पहिल्यांदा गाताना जे उतरतं ते दुसऱ्यांदा स्टुडिओत जाऊन परत मिळेलच असं नाही. म्हणून यंत्र असं हवं की टिपलेलं उद्या वापरायची वेळ आली तर वापरता यावं. बाकी कशावर त्याने भर दिलेला दिसत नाही. ढोल नाही, साथ नाही. गिटार, गळा, टेप. आजच्या खरेदीच्या वादात आपण नेमकं उलट करतो, दहा वस्तू मध्यम दर्जाच्या घेतो आणि त्या जोडेपर्यंत चाल विसरून जातो, असं माझं मत. ज्यांना पटत नाही त्यांनी कॅन्टीनमध्ये भेटावं.

डिसेंबर १९५८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने स्वतःची सहा नवी गाणी त्या यंत्रावर घेतली. ३ तारखेला 'दॅट्स व्हॉट दे से' आणि 'व्हॉट टु डू', ५ ला 'पेगी स्यू गॉट मॅरीड', ८ ला 'दॅट मेक्स इट टफ', १४ ला 'क्राइंग, वेटिंग, होपिंग', १७ ला 'लर्निंग द गेम'. यातलं पेगी स्यूच्या लग्नाचं गाणं खरंच घरगुती आहे. पहिल्या गाण्यातलं नाव ॲलिसनच्या मैत्रिणीचं होतं आणि १९५८ मध्ये त्या दोघांनी खरोखर लग्न केलं होतं. जानेवारीत त्याने इतरांची काही जुनी गाणी टिपली, एकच गाणं कधी संथ, कधी जलद करून पाहिलं. मध्येच एका टेपवर तो आणि मारिया एलेना घरातलं काहीबाही बोलत आहेत, यंत्र चालूच आहे. पुढचे बेतही मोठे होते. लबकमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधायचा, अभिनय शिकायचा, देवळात गातात तशा गाण्यांची तबकडी काढायची. दुसऱ्यांना उभं करायची हौसही होती. वेलॉन जेनिंग्ज या लबकच्या रेडिओ निवेदक मित्राची पहिली तबकडी सप्टेंबरमध्ये त्यानेच करून घेतली होती.

पण पैसे हवे होते आणि मारिया एलेनाला दिवस गेले होते. म्हणून त्याने मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या हिवाळी दौऱ्याला होकार दिला. २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीहून सुरुवात, २४ दिवसांत २४ गावं. बसची हीटर बंद पडायची, बसच बंद पडायची. ढोलवादक कार्ल बंचचे पाय हिमदंशाने इतके बिघडले की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. २ फेब्रुवारीला आयोवातल्या क्लिअर लेकचा कार्यक्रम झाल्यावर हॉलीने पुढच्या मुक्कामी जायला छोटं विमान ठरवलं, झोप मिळेल आणि कपडे धुऊन घेता येतील म्हणून. माणशी ३६ डॉलर. जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या जे. पी. रिचर्डसनला दिली. टॉमी ऑलसप नाणेफेकीत १७ वर्षांच्या रिची व्हॅलेन्सकडून जागा हरला. ३ तारखेच्या पहाटे एकच्या सुमाराला विमान उडालं आणि काही मिनिटांतच बर्फाच्छादित शेतात कोसळलं. तिघे गायक आणि २१ वर्षांचा वैमानिक, कुणीही वाचलं नाही. मारिया एलेनाला ही बातमी टीव्हीवरून कळली. थोड्याच दिवसांत तिचा गर्भही गेला.

टेप घरात होत्या.

कंपनीला गाणी हवी होती आणि गायक उरला नव्हता. १९५९ च्या जूनमध्ये जॅक हॅन्सन या निर्मात्याने न्यू यॉर्कमध्ये वादक आणि गायकवृंद बोलावून त्या टेपवर साथ चढवायला सुरुवात केली, उरलेली गाणी पुढच्या जानेवारीत पुरी केली. काम किती अवघड असेल पाहा. टेपवर आवाज आणि गिटार एकत्र मिसळलेले, वेगळे करायची सोय नाही. घरी एकटा बसलेला माणूस लय मोजून गात नाही. कुठे श्वास घेतो, कुठे शब्द रेंगाळतो. वादकांना एका मेलेल्या माणसाच्या लयीमागे जावं लागलं, आणि तो काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. तबकडी निघाली, पुढच्या वर्षी सहाही गाणी एका अल्बममध्ये आली. १९६२ पासून हे काम पुन्हा नॉर्मन पेटीकडे गेलं. ज्याच्यापासून वेगळं झाल्यावर ही गाणी जन्मली, त्याच्याच स्टुडिओत ती परत आली. पेटीने फायरबॉल्स नावाच्या न्यू मेक्सिकोतल्या बँडकडून नवी साथ वाजवून घेतली. म्हणजे एकाच आवाजाला दोन वेगवेगळे पोशाख झाले, आणि दोन्ही त्याने स्वतः निवडलेले नव्हते.

हॅन्सनचं काम मी सरसकट वाईट म्हणणार नाही. १ जानेवारी १९६२ ला बीटल्स लंडनला डेकाकडे परीक्षा द्यायला गेले (इंग्लंडची ही डेका वेगळी कंपनी, पण नाव तेच, आणि तिनेही नापासच केलं), तेव्हा जॉर्ज हॅरिसनने 'क्राइंग, वेटिंग, होपिंग' गायलं. त्या वेळी बाजारात हॅन्सनचीच आवृत्ती होती, म्हणजे साथ चढवली नसती तर लिव्हरपूलच्या पोरांपर्यंत ते गाणं पोचलंच नसतं. हे मान्य. तरीही साथ चढवलेलं आणि मूळ, अशी दोन्ही लागोपाठ ऐकली की गायकवृंदाच्या त्या गोड हुंकारांचा मला राग येतो. मूळ टेपवर तो कुणासाठी गात नाही, गाणं उभं राहतंय का ते तपासून बघतोय. कडव्यांच्या मध्ये त्याने जागा मोकळ्या सोडल्यात. तिथे त्याला काय ऐकू येत होतं ते तो बरोबर घेऊन गेला, आणि हॅन्सनने व पेटीने तिथे आपापल्या कानातलं भरलं.

साथ काढून टाकलेल्या नव्हे, साथ कधीच न चढवलेल्या त्या मूळ टेप संग्राहकांमध्ये अनेक वर्षं हातोहात फिरत होत्या. २००९ साली, त्याच्या मृत्यूला ५० वर्षं झाल्यावर, 'डाउन द लाइन' या दोन सीडींच्या संचात त्या रीतसर प्रसिद्ध झाल्या. पहिल्या सीडीवर बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा वायर रेकॉर्डरवरचा आवाज आहे, तारेच्या खरखरीत बुडालेला. दुसरीवर ब्रेव्हूर्टमधलं घर. हेडफोन लावून रात्री ऐकायला घ्या. 'लर्निंग द गेम' सव्वादोन मिनिटांच्या आत संपतं, शेवटच्या स्वराची तार थरथरत राहते, आणि ती पूर्ण विझेपर्यंत त्याने टेप चालू ठेवली आहे.